द क्रू: डिस्क आहे, गेम नाही

पीएस४ (सोनीचा प्लेस्टेशन ४ कन्सोल) मध्ये 'द क्रू' या रेसिंग गेमची डिस्क टाकली तर आजही कन्सोल ती ओळखतो, गेम इन्स्टॉल होतो, होम स्क्रीनवर आयकॉन येतो, त्यावर क्लिक केलं की गेम सुरू पण होतो. आणि मग तो कंपनीचा सर्व्हर (नेटवर पलीकडे चालणारा कंपनीचा संगणक) शोधत बसतो. थोड्या वेळाने एरर. डिस्कवर एक ओरखडा नाही, कन्सोल ठणठणीत, नेट चालू, पैसे रोख मोजलेले, तरी गेम खेळता येत नाही, कारण पलीकडे ज्याच्याशी त्याला बोलायचंय तो सर्व्हरच ३१ मार्च २०२४ ला बंद झालाय.

या प्रकरणावर बरंच लिहून आलंय, पण बहुतेक ठिकाणी ते "कंपनी वाईट, खेळाडू बिचारे" किंवा मग "सर्व्हर काय जन्मभर फुकट चालवायचे का" या दोन टोकांवर अडकतं. मला यातली तिसरीच गोष्ट महत्त्वाची वाटते, ती म्हणजे गेम बंद कसा करायचा हे बनवतानाच ठरवायचं काम कुणीतरी केलं होतं का. ते केलं नव्हतं, आणि पुढचा सगळा राडा त्यातून आलाय.

आधी गेमबद्दल थोडं. द क्रू हा उबीसॉफ्टचा ओपन वर्ल्ड (म्हणजे नकाशात कुठेही मोकळं फिरता येणारा) रेसिंग गेम, आयव्हरी टॉवर या फ्रेंच स्टुडिओने बनवलेला, डिसेंबर २०१४ मध्ये आला. अख्खी अमेरिका छोटी करून एका नकाशात बसवलेली आणि मध्ये कुठेही लोडिंग स्क्रीन नाही. एका किनाऱ्यावरून निघून दुसऱ्या किनाऱ्यापर्यंत सरळ गाडी हाणली तर पाऊण तासाच्या आसपास लागायचा. गोष्ट तशी घिसीपिटी, भावाचा खून, खोटा आळ, गँगमध्ये घुसून बदला वगैरे, गोष्टीसाठी हा गेम कुणी खेळत नव्हतं. पण रात्री हेडफोन लावून वाळवंटातून नुसती गाडी चालवायला म्हणून यात परत परत येणारे खूप लोक होते. खेळाडूंचा आकडा १ कोटी २० लाखांच्या घरात सांगतात, अर्थात त्यात सप्टेंबर २०१६ ला कंपनीने पीसीवर हा गेम फुकट वाटला होता ते लोक पण आले, त्यामुळे तेवढे सगळे पैसे देऊन घेतलेले नाहीत हे लक्षात ठेवा.

आता मुद्द्याची गोष्ट. या गेममध्ये एकट्याने खेळायची पूर्ण कॅम्पेन होती, तरी नेट नसेल तर गेम मेन मेन्यूच्या पुढे जायचाच नाही. कल्पना अशी होती की तुम्ही गाडी चालवताय आणि बाजूने खरा माणूस गाडी घेऊन जातोय, सगळे एकाच जगात. छान कल्पना आहे, नाही असं नाही. पण गाडीचं फिजिक्स, रस्ते, ग्राफिक्स हे सगळं तुमच्याच मशीनवर चालायचं. सर्व्हरकडे काय होतं तर लॉगिन, तुमचं सेव्ह (कुठल्या गाड्या घेतल्या, किती पैसे, कुठली मिशन झाली) आणि दुसऱ्या खेळाडूंशी जोडून देणं. म्हणजे गाडी तुमच्या अंगणात उभी आहे आणि किल्ली कंपनीच्या खिशात, असा प्रकार.

१४ डिसेंबर २०२३ ला कंपनीने गेम विक्रीतून काढला आणि सांगितलं की ३१ मार्चला सर्व्हर बंद. कारणं दोन दिली, सर्व्हरची यंत्रणा आणि लायसन्सच्या अडचणी. ज्यांनी अगदी अलीकडे घेतला होता त्यांना रिफंड मिळू शकेल असंही सांगितलं, २०१४ पासून खेळणाऱ्यांना अर्थातच काही नाही. ही दोन कारणं मी जरा सोलून बघितली, कारण या प्रकरणात सगळे तिथेच गडबडतात.

लायसन्स आधी घेऊ. गेममधल्या गाड्या खऱ्या कंपन्यांच्या असतात, त्यांच्याशी ठराविक वर्षांचा करार असतो, तो संपला की त्या गाड्या दाखवून नवीन गेम विकता येत नाही. हे खरंय आणि सगळ्याच रेसिंग गेमना हे भोगावं लागतं. पण फोर्झा होरायझन ४ बघा, तो १५ डिसेंबर २०२४ ला विक्रीतून गेला, कारण तेच, लायसन्स. ज्यांनी आधी घेतला होता ते मात्र तो खेळतायत, परत डाउनलोड पण करता येतो. होरायझन ३ चं २०२० मध्ये तसंच झालं होतं. म्हणजे लायसन्स संपलं की विक्री थांबते, आधी विकलेल्या प्रती मरत नाहीत. लायसन्समुळे दुकानातून काढला म्हणा, मान्य. पण लायसन्समुळे लोकांच्या घरातला गेम बंद पडला हे माझ्या गळी उतरत नाही.

आता सर्व्हर. यंत्रणा जुनी होते, चालवायला माणसं लागतात, दहा वर्षं जुन्या गेममध्ये खेळाडू कमी उरतात, हे सगळं मान्य. फक्त याच काळात दुसऱ्या एका रेसिंग गेमचं काय झालं ते बघा. ग्रान तुरिस्मो स्पोर्ट, हा पण जवळजवळ सगळ्याच गोष्टींना ऑनलाइन लागणारा, सेव्हसुद्धा ऑनलाइन. त्याचे सर्व्हर ३१ जानेवारी २०२४ ला बंद झाले, म्हणजे द क्रूच्या बरोब्बर दोन महिने आधी. पण बंद करायच्या आधी अपडेट दिला आणि एकट्याने खेळायचा बहुतेक भाग ऑफलाइन चालायला लागला. ऑनलाइन रेस गेल्या, लोकांनी केलेली गाड्यांची डिझाइन शेअर करणं गेलं, ठीक आहे, त्याला कुणी रडलं नाही फारसं. सेम प्रकारचा गेम, सेम वर्ष, सेम अडचण, एकाने जाताना दरवाजा उघडा ठेवला आणि दुसऱ्याने कुलूप लावलं.

आणि नुसतं कुलूप लावून थांबले नाहीत हो. एप्रिल २०२४ मध्ये पीसीवाल्या लोकांनी लॉन्चर (कंपनीचे गेम जिथून उघडतात ते अ‍ॅप) उघडला तर गेम लायब्ररीतून उचलून वेगळ्या कोपऱ्यात टाकलेला, वर मेसेज की तुम्हाला आता या गेमचा अ‍ॅक्सेस नाही, दुसरं काही घ्यायचं असेल तर स्टोअर बघा. म्हणजे सर्व्हर बंद करणं एक, पण लोकांच्या खात्यातलं लायसन्सच काढून घेतलं. माझ्या मते या प्रकरणाला खरी आग इथे लागली. सर्व्हर बंद झाला तेव्हा लोक हळहळले होते, अरेरे म्हणून पुढे गेले असते, पण तो मेसेज आणि त्यातलं ते "स्टोअर बघा", हे फार लागलं लोकांना. त्याच जानेवारीत कंपनीच्या सबस्क्रिप्शन विभागाचे प्रमुख फिलिप ट्रेम्बले एका मुलाखतीत बोलले होते की गेम आपल्या मालकीचा नसण्याची खेळाडूंना सवय व्हायला हवी. खरं तर ते सबस्क्रिप्शन वाढायचं असेल तर लोकांची सवय कशी बदलायला लागेल याबद्दल बोलत होते, अमुक गेम काढून घेऊ असं काही म्हटलं नव्हतं. पण तीन महिन्यांत हे झालं म्हटल्यावर संदर्भ कोण बघतंय.

रॉस स्कॉट हे नाव इथे येतं. जुन्या गेमवर व्हिडिओ करणारा यूट्यूबर, अ‍ॅकर्स्ड फार्म्स नावाचं चॅनल, आणि बंद पडलेल्या ऑनलाइन गेमबद्दल हा माणूस कितीतरी वर्षं एकटाच कोकलत होता. त्याने एप्रिल २०२४ मध्ये 'स्टॉप किलिंग गेम्स' ही मोहीम सुरू केली. त्याने द क्रू का निवडला हे मला फार हुशारीचं वाटतं. गेम मोठा, खेळाडू भरपूर, एकट्याने खेळायचा भाग मोठा, आणि कंपनी फ्रान्सची, जिथे ग्राहक कायदा बऱ्यापैकी कडक आहे. त्यामुळे पहिलं पाऊल काय तर ज्यांच्याकडे गेम आहे त्यांनी फ्रान्सच्या ग्राहक संरक्षण खात्याकडे तक्रार करा. नुसती ट्विटरवर बोंब नाही, सरळ फॉर्म भरा.

मोहिमेची मागणी नीट वाचा, कारण ९० टक्के वाद न वाचता झालाय. सर्व्हर कायम चालू ठेवा असं त्यात कुठेही नाही. कंपनीने सोर्स कोड (गेमचा मूळ लिहिलेला प्रोग्राम) द्यावा असंही नाही, बंद झाल्यावर कंपनीने सपोर्ट देत राहावं असंही नाही. मागणी एवढीच की विकलेला गेम बंद करताना तो खेळता येईल अशा कुठल्या तरी अवस्थेत सोडा. ऑफलाइन पॅच (नेटशिवाय चालेल असा अपडेट) द्या, किंवा लोकांना स्वतःचा सर्व्हर चालवायची सोय द्या, कसं करायचं ते तुमचं तुम्ही ठरवा.

कोर्टाचा रस्ता वेगळा. नोव्हेंबर २०२४ मध्ये कॅलिफोर्नियातल्या दोन खेळाडूंनी उबीसॉफ्टवर केस टाकली. त्यांच्या अर्जात पिनबॉल मशीनचं उदाहरण आहे, ते मला आवडलं: तुम्ही मशीन विकत घेतलं, काही वर्षांनी खेळायला खोलीत गेलात तर त्याचे दांडे गायब, चेंडू गायब, तुमचा हायस्कोर दाखवणारा स्क्रीनपण काढून नेलेला. कंपनीचं उत्तर असं की तुम्ही गेम विकत घेतलाच नव्हता, मर्यादित लायसन्स घेतलं होतं, आणि ३० दिवसांची सूचना देऊन ऑनलाइन फीचर बंद करू शकतो हे डब्यावर लिहिलेलं होतं. त्यावर २०२५ मध्ये फिर्यादींनी सुधारित अर्जात डब्यातल्या अ‍ॅक्टिव्हेशन कोडचा मुद्दा काढला, त्या कोडची मुदत छापलीये २०९९ पर्यंत! आता कायद्याने त्या छापील तारखेला किती वजन मिळेल ते वकील बघतील, पण दुकानात डबा हातात घेतलेला माणूस काय समजेल हा प्रश्न विचाराल तर २०९९ बघून तो "दहा वर्षांनी बंद पडणार" असं तर नक्कीच समजणार नाही. आणि डब्यावरच्या "एक किंवा अधिक ऑनलाइन फीचर" बंद होतील याचा अर्थ सरळ वाचला तर फीचर जाईल असा होतो, अख्खा गेम जाईल असा नाही. इथे कंपनीची बाजू मला खरंच पातळ वाटते.

याच सुमारास कॅलिफोर्नियाने एक कायदा पण केला, सप्टेंबर २०२४ मध्ये सही झाली आणि १ जानेवारी २०२५ पासून लागू. डिजिटल वस्तू विकताना "खरेदी करा" असं बटण ठेवायचं असेल तर हे फक्त लायसन्स आहे असं स्पष्ट सांगायला हवं. पीसी गेमचं ऑनलाइन दुकान असलेल्या स्टीमने तर कायदा लागू व्हायच्या आधीच, ऑक्टोबरमध्ये, पैसे भरायच्या पानावर तशी ओळ टाकली. चांगलं आहे, पण यातून पाटी लागली इतकंच. बाहेर "निसरडं आहे" असा बोर्ड लावला म्हणून फरशी कोरडी होत नाही.

युरोपात काय झालं ते जास्त मजेशीर आहे. ३१ जुलै २०२४ ला युरोपियन नागरिकांचा पुढाकार म्हणून सह्या सुरू झाल्या, नियम असा की वर्षभरात १० लाख सह्या आणि किमान ७ देशांत ठराविक कोटा पूर्ण. सुरुवात जोरात झाली मग घसरगुंडी. जेसन हॉल, म्हणजे पायरेट सॉफ्टवेअर नावाने ओळखला जाणारा डेव्हलपर आणि स्ट्रीमर, त्याने ऑगस्टमध्येच विरोध केला, म्हणणं असं की मागणी फार ढोबळ आहे, मुळात ऑनलाइनच बनवलेल्या गेमवर सिंगल प्लेअर लादलं जाईल. त्याचे प्रेक्षक प्रचंड, त्यामुळे बऱ्याच लोकांनी मोहीम समजून घेतली ती त्याच्याकडूनच. जून २०२५ उजाडला तरी सह्या निम्म्यावरसुद्धा नव्हत्या. २३ जूनला रॉस स्कॉटने एक थकलेला, मोहीम बहुतेक संपली अशा सुराचा व्हिडिओ टाकला, त्यात या आक्षेपांना एकेक करून उत्तर दिलं, आणि मग काय झालं कोण जाणे, मोठे मोठे यूट्यूबर उतरले आणि दहा-बारा दिवसांत आकडा दुप्पट होऊन जुलैच्या पहिल्या आठवड्यात १० लाख पार. शेवटी सुमारे १४ लाख ४८ हजारांवर थांबला. त्या काळात आकडा रिफ्रेश करत बसणं हाच एक गेम झाला होता, मीपण बसलेलो. ब्रिटनमधल्या वेगळ्या याचिकेनेही त्याच आठवड्यात १ लाखाचा टप्पा गाठला, त्यावर ३ नोव्हेंबर २०२५ ला संसदेत चर्चा झाली, सरकारने सांगितलं कायदा बदलायचा विचार नाही.

आता विरोधी बाजू, कारण ती अगदीच टाकाऊ नाहीये. व्हिडिओ गेम्स युरोप ही कंपन्यांची संघटना, तिने जुलै २०२५ मध्ये निवेदन काढलं: खाजगी सर्व्हर हा नेहमी व्यवहार्य पर्याय नसतो, तिथे डेटाची सुरक्षा कोण बघणार, बेकायदा मजकूर कोण काढणार, जबाबदारी कोणावर येणार, आणि कित्येक गेम पायापासूनच ऑनलाइन असतात त्यामुळे असे नियम आले तर गेम बनवणं परवडणार नाही. यातलं शेवटचं वाक्य मी बाजूला ठेवतो, प्रत्येक धंदा प्रत्येक नियमाबद्दल हेच म्हणतो. पण मधला भाग खरा आहे. आजच्या मोठ्या ऑनलाइन गेमचा सर्व्हर म्हणजे एक एक्सई फाइल नसते की झिप करून देऊन टाकली. मॅचमेकिंग (खेळाडूंच्या जोड्या लावणं) एका कंपनीचं, व्हॉइस चॅट दुसऱ्याचं, अँटीचीट (लबाडी पकडणारं सॉफ्टवेअर) तिसऱ्याचं, डेटाबेस क्लाउडवर, आणि यातल्या बऱ्याच भागांचं लायसन्स असं की तुम्ही वापरा पण पुढे वाटू नका. असा गेम दहा वर्षांनी सोडवायला बसलात तर मूळ टीममधला एकही माणूस जागेवर नसतो, कागदपत्रं अर्धवट, जुन्या कोडमधून चालणारा गेम परत तयारच होत नाही. त्या अवस्थेत "नुसता ऑफलाइन पॅच तर द्यायचाय" हे म्हणणं म्हणजे ज्याने कधी कोड लिहिला नाही त्याचं बोलणं.

पण मग याचा अर्थ काय निघतो? की शेवटी करायला गेलात तर महाग पडतं. सुरुवातीला ठरवलं असेल की सेव्ह लोकल पण ठेवता येईल अशी जागा सोडायची, लॉगिनचा तुकडा वेगळा ठेवायचा, बाहेरचं मिडलवेअर (दुसऱ्या कंपन्यांचे तयार सॉफ्टवेअर भाग) घेताना करारात एक कलम टाकायचं, तर खर्च कुठे तरी असतोच पण तो डोंगर नसतो. 'नॉकआउट सिटी' हा गेम बनवणारा वेलान तर काही अजस्त्र स्टुडिओ नाही, जून २०२३ मध्ये सर्व्हर बंद करताना त्यांनी पीसीवर खाजगी सर्व्हर चालवता येईल अशी आवृत्ती देऊन टाकली. आणि तो गेम तर पूर्ण मल्टिप्लेअर! म्हणूनच मोहिमेचा जोर पुढच्या गेमवर आहे, आत्ता चालू असलेल्या किंवा मेलेल्या गेमवर नाही.

आणि मग खुद्द उबीसॉफ्ट. सप्टेंबर २०२४ मध्ये, म्हणजे आरडाओरड चालू असतानाच, कंपनीने जाहीर केलं की द क्रू २ आणि द क्रू मोटरफेस्ट या दोन्हींना ऑफलाइन मोड देणार. जुलै २०२५ च्या भागधारकांच्या बैठकीत सीईओ इव्ह गिलमो यांना मोहिमेबद्दल विचारलं तेव्हा उत्तर साधारण असं की आपण सेवा देतो, कुठलीच सेवा कायमची नसते. आणि ऑक्टोबर २०२५ मध्ये द क्रू २ चा तो अपडेट आला पण! ऑनलाइन सेव्हची प्रत काढून घ्यायची आणि नेट काढून खेळायचं. त्याच घराण्यातला, त्याच स्टुडिओचा, तसाच कायम ऑनलाइन असलेला गेम. मग पहिल्याला का नाही जमलं याचं तांत्रिक उत्तर कुणी द्यायचं ठरवलं तरी कठीणच आहे, कारण त्याच्या महिनाभर आधी, १५ सप्टेंबर २०२५ ला, चाहत्यांच्या एका गटाने 'द क्रू अनलिमिटेड' काढलं. बंद व्हायच्या आधी गेम आणि सर्व्हर एकमेकांशी काय बोलतात ते या लोकांनी रेकॉर्ड करून ठेवलं होतं, त्यावरून सर्व्हरची नक्कल लिहिली. पीसीवर मूळ गेमच्या फाइल्स असतील तर हा छोटा सर्व्हर आपल्याच मशीनवर चालवायचा, गेमला वाटतं कंपनीचाच सर्व्हर आहे, आणि गाडी निघते. पगार नाही, मूळ कोड नाही, तरी दीड वर्षात झालं. अर्थात कन्सोलवाल्यांना याचा काही उपयोग नाही, ती डिस्क अजून तशीच एरर देते.

कायद्याच्या बाजूला सह्यांची तपासणी होऊन सुमारे १२ लाख ९४ हजार वैध ठरल्या आणि जानेवारी २०२६ मध्ये त्या युरोपियन कमिशनकडे गेल्या. कमिशनला उत्तर देणं बंधनकारक आहे, कायदा करणं नाही. आणि त्याच महिन्यात, १२ जानेवारीला, 'अँथम' या गेमचे सर्व्हर बंद झाले, तो पण पैसे देऊन विकलेला, तो पण कायम ऑनलाइन, आणि त्याला ऑफलाइन पॅच मिळाला नाही.